पाळणा, झोळी आणि दार

जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर दर वर्षीं १९ फेब्रुवारीला एक पाळणा हालविला जातो. १६३० सालीं त्या दिवशीं जिजाबाईंच्या पोटीं शिवाजीमहाराज जन्मले, त्याचा हा उत्सव. स्त्रिया पाळण्याची दोरी हातीं धरून गातात, आणि सर्वांचें लक्ष साहजिकच पाळण्याकडे जातें. मला मात्र आज आपलें लक्ष त्याच्या भोंवतालच्या तटाकडे वेधावयाचें आहे. आदल्याच वर्षीं, म्हणजे १६२९ सालीं, जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव यांचा निजामशहाच्या दरबारांत खून झाला होता. मुलूख लढायांनीं गांजलेला होता. अशा काळीं सात दरवाजांचा बळकट गड बाळंतपणाला लाभला. बाळाला कोठें व कसें निजवावें, हें त्या त्या काळच्या भीतीवरून ठरत असतें. जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांचा इतिहास या दृष्टीनेंहि वाचण्यासारखा आहे.

गड कांहीं सर्वांच्या वांट्याला येत नाहीं. या मुलखांतल्या सामान्य घरांना भय होतें तें ओलीचें आणि विंचवाकिरडाचें. माळशेज व भीमाशंकर या बाजूंना पाऊस फार. मातीची जमीन चार महिने ओल सोडीत नाहीं. तुळईला टांगलेला लांकडी पाळणा, किंवा तोहि नसेल तर जुन्या लुगड्याची झोळी, बाळाला या जमिनीपासून वर उचलून धरी. दोरी पायाच्या अंगठ्याला अडकविली कीं आईचे दोन्ही हात कामाला मोकळे. शेतांत जातांना हीच झोळी बांधावरच्या झाडाला बांधली जाई. तीन हात कापड आणि एक फांदी, एवढ्यावर कित्येक पिढ्या वाढल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र या बांधापलीकडची भूमीच बदलली. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे हीं पांच धरणें बांधलीं गेलीं. जेथें बाजरी होत असे तेथें ऊंस उभा राहिला. बाजरीचें शेत चार महिन्यांत मोकळें होतें. ऊंस वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ दाट उभा असतो. त्यांत सांवली असते, पाणी जवळ असतें, आणि गांवचीं कुत्रीं व शेळ्या हाकेच्या अंतरावर असतात. बिबट्यानें हें नवें रान आपलेंसें केलें. माद्या उंसांतच वितात आणि तोडणीच्या वेळीं पिल्लें कोयत्यापुढें सांपडतात.

या तोडणीला दुष्काळी भागांतून मजूर येतात. उंसाच्या पाचटाच्या कोपींत त्यांचा संसार असतो; पहांटेच्या अंधारांत आईबाप तोडणीस लागतात आणि तान्हें मूल फडाच्या कडेला झोळींत निजतें. मेंढपाळांचीं कुटुंबें तर उघड्या रानांतच मुक्काम करतात. उभ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. परंतु जमिनीलगत निजलेलें लहान मूल त्याला इतर भक्ष्यासारखेंच दिसतें. २००१ सालापासून जुन्नर वनविभागांत हल्ले वाढले. उपाय म्हणून पुष्कळ बिबटे पिंजऱ्यांत धरून दूरच्या जंगलांत सोडण्यांत आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, या स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले कमी न होतां वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. परक्या मुलखांत सोडलेलें जनावर तेथें स्थिर राहात नाहीं, हें त्याचें एक कारण. म्हणजे केवळ पिंजऱ्यानें हा प्रश्न सुटला नाहीं. मूल कोठें निजतें, याकडे पाहणें भागच पडलें.

वनखातें सांगतें कीं उघड्यावर निजूं नये, मुलांना एकटें सोडूं नये, रात्रीं दिवा ठेवावा. सल्ला योग्यच आहे; परंतु ‘मुलाला आंत निजवा’ असें म्हणण्यापूर्वीं आंत म्हणावी अशी जागा हवी. पाचटाच्या कोपीला दार नसतें. जुन्या झोळीनें विंचवापासून राखलें. बिबट्यापासून राखणें तिच्या शक्तीबाहेरचें आहे.

आपणांपैकीं ज्यांच्या घरांना दारें आहेत, त्यांनींहि निर्धास्त राहूं नये. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षें डॉक्टरच मुलाला पोटावर निजविण्यास सांगत. १९९१ सालीं ब्रिटनमध्यें ‘मूल पाठीवर निजवा’ अशी मोहीम निघाली, आणि झोपेंत अकस्मात् दगावणाऱ्या अर्भकांची संख्या थोड्याच वर्षांत निम्म्याहून खालीं आली. एवढ्या साध्या गोष्टीनें हजारों जीव वांचले! तान्ह्याचें डोकें जड आणि मान दुबळी. झोळीच्या खोलगट कापडांत हनुवटी छातीला टेंकली तर श्वास कोंडतो. म्हणून झोंका देऊन डोळा लागला कीं बाळाला सपाट, टणक अंथरुणावर पाठीवर ठेवावें. तोंडाजवळ उशी किंवा सैल गोधडी नसावी. बिछाना आईच्या खोलींत, पण स्वतंत्र असावा, आणि विडीचा धूर तेथें येऊं देऊं नये.

या गोष्टी सुशिक्षित घराला आजच्या रात्रींच करतां येतील. फडावरच्या आईला त्या एकटीनें करतां येणार नाहींत. तिला भक्कम भिंतीचा निवारा, दिवा, आणि ती कोयता चालवीत असतां मुलांना संभाळणारें कोणी माणूस हवें. तें देणें कारखान्याचें, सरकारचें आणि चहांत साखर घालणाऱ्या आपणां सर्वांचें काम आहे. शिवनेरीवरच्या बाळाला तट मिळाला म्हणून आपण आज त्याचा पाळणा गातों. त्याच गडाच्या पायथ्याशीं पसरलेल्या उंसांत निजणाऱ्या बाळाला निदान एक दार मिळावें.