थंड पाण्यातील वेकबोर्डिंग: वेटसूट घ्यावा की ड्रायसूट?

वेकबोर्डिंग म्हणजे पाय एका फळीला बांधून, मोटरबोटीच्या मागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ. बोटीचा वेग साधारण ताशी ३० ते ३८ किलोमीटर असतो आणि शिकणारा माणूस एका फेरीत अनेकदा पडतो. अर्नाळा, राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावर हा खेळ झाला तरी सूटचा प्रश्न आला नसता. आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी जानेवारी-फेब्रुवारीतही साधारण २४-२५ अंश सेल्सिअस असते. पण वसई-विरारमधल्या कितीतरी घरांतली मुले आज कॅनडा, इंग्लंड, न्यूझीलंडमध्ये आहेत. तिकडच्या तळ्यांवर वसंत ऋतूत ऊन छान पडते, तापमान २२ अंश असते, मित्र बोट काढतात आणि पाणी मात्र ८-१० अंशांवरच असते. हा लेख अशा मुलांसाठी आणि इथे बसून काळजी करणाऱ्या त्यांच्या आई-वडिलांसाठी आहे.

थंड पाणी शरीराला काय करते

हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. त्यामुळे २० अंशांची हवा आल्हाददायक वाटते, पण २० अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासात दात वाजू लागतात. नुसते स्थिर बसून राहिले तर शरीराची उष्णता टिकायला पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. म्हणजे आपला समुद्रही उष्णता ओढतोच, फक्त हळूहळू.

थंड पाण्यात माणूस गारठून मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पहिला धोका गारठण्याचा नसतो. १५ अंशांपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या एक ते तीन मिनिटांत श्वासावरचा ताबा सुटतो. आधी एक मोठा हुंदक्यासारखा श्वास आपोआप आत ओढला जातो आणि मग धाप लागते. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला तर पाणी थेट फुप्फुसात जाते. त्याच वेळी त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आणि नाडी झपकन वाढते. चेहरा पाण्यात बुडाल्यावर शरीराची दुसरी प्रतिक्रिया सुरू होते आणि ती नाडी मंद करते. हृदयाला एकाच वेळी ‘पळ’ आणि ‘थांब’ असे दोन हुकूम मिळतात. त्यातून ठोके अनियमित होऊ शकतात, कधी तरुण माणसातही.

हा टप्पा निभावला तर पुढच्या दहा ते तीस मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. बोटे दोरी धरू शकत नाहीत आणि चांगला पोहणाराही बुडतो. खरा हायपोथर्मिया, म्हणजे शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली जाणे, हा त्यानंतरचा प्रकार आहे आणि प्रौढ माणसात त्याला बहुधा अर्धा तास किंवा जास्त वेळ लागतो. सूटची निवड करताना हे तिन्ही टप्पे लक्षात ठेवावे लागतात.

दोन सूटमधला फरक

वेटसूट निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराचा असतो. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात आणि तेच थंडी अडवतात. अंग ओले होते. सूट आणि त्वचेच्या मध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. ‘ते पाणी गरम होऊन ऊब देते’ असे दुकानात सांगितले जाते. खरे काम रबर करते. आतले पाणी जितके कमी आणि जितके स्थिर, तितके बरे. म्हणून वेटसूट अंगाला घट्ट हवा. ढगळ वेटसूटमध्ये प्रत्येक वेळी पडल्यावर मानेतून नवे थंड पाणी आत शिरते आणि पैसे वाया जातात.

ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही. मान, मनगटे आणि घोट्यांशी लॅटेक्स किंवा निओप्रीनच्या घट्ट पट्ट्या असतात आणि चेन जलरोधक असते. पण त्याचे कापड स्वतः फारशी ऊब देत नाही. ऊब येते ती आतल्या कपड्यांतून. म्हणून आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे घालायचे, सुती नाही. सुती कापड घामाने ओले झाले की गारवाच देते.

मर्चंट नेव्हीत गेलेल्यांना हे समजावायला वेळ लागत नाही. जहाजावरचा नारिंगी इमर्शन सूट हा ड्रायसूटचाच भाऊ आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो कुणाच्या मदतीशिवाय दोन मिनिटांत घालता आला पाहिजे. त्यातल्या उबदार प्रकाराने ० ते २ अंशांच्या शांत पाण्यात सहा तासांनंतरही शरीराचे तापमान २ अंशांपेक्षा जास्त उतरू द्यायचे नसते. खेळाचा ड्रायसूट मात्र अशा कसोटीसाठी बनवलेला नसतो, हेही लक्षात असावे.

मग घ्यायचा कोणता?

हवा किती गरम आहे हे बघू नका. पाण्याचे तापमान विचारा. पाणी १८ ते २३ अंश असेल तर २-३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट पुरतो. १४ ते १८ अंशांत ३ ते ४ मिलिमीटरचा, पूर्ण हातापायांचा हवा. १० ते १४ अंशांत ५ मिलिमीटरचा वेटसूट, सोबत हातमोजे, बूट आणि टोपी, किंवा ड्रायसूट. १० अंशांखाली माझे मत सरळ ड्रायसूटच्या बाजूने आहे, आणि शिकाऊ माणसाने मुळात इतक्या थंड पाण्यात शिकूच नये. हे आकडे ढोबळ आहेत. सडपातळ मुलगी आणि भरल्या अंगाचा मुलगा एकाच पाण्यात सारखे गारठत नाहीत. त्यातून आपल्याकडून नुकतेच गेलेल्या मुलांना थंड पाण्याची सवयच नसते. थोडा वेळ, पुन्हा पुन्हा थंड पाण्यात उतरल्यावर श्वासाचा तो पहिला झटका कमी होत जातो. पण हे काम काही दिवसांचे आहे, एका सुट्टीचे नाही.

वेकबोर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट मोजावी लागते. माणूस पाण्यात पंधरा-वीस मिनिटे असतो आणि त्यानंतर तासभर बोटीत बसून दुसऱ्यांचे खेळ बघतो. खरी थंडी तिथे वाजते. ओल्या वेटसूटवर बोटीचा वारा लागला की बाष्पीभवनाने अंग झपाट्याने गार होते. ड्रायसूटचा सर्वात मोठा फायदा मला इथे दिसतो: बाहेर आल्यावर आतला माणूस कोरडा असतो. वेटसूटच घेणार असाल तर वर घालायला वारा अडवणारे मोठे जाकीट बोटीत ठेवाच.

ड्रायसूटचे तोटेही आहेत. तो महाग असतो, ढगळ असतो आणि उड्या मारताना अडतो. पाण्यात उतरण्यापूर्वी खाली बसून, मानेची पट्टी किंचित उघडून आतली हवा दाबून काढावी लागते; नाहीतर हवा पायांकडे जाते आणि पाय वर, डोके खाली अशी अवस्था होऊ शकते. तो फाटला किंवा मानेची पट्टी सैल असली तर पाणी भरते आणि ऊब संपते. वेटसूट फाटला तरी थोडाफार तरंगवतो आणि काम करत राहतो. दोन्हींवर लाइफ जॅकेट लागतेच. आघातापासून वाचवणारे पातळ व्हेस्ट प्रत्येक वेळी तरंगवण्याइतके नसते. घेताना लेबल वाचा.

काही जण विचारतात, पुण्याच्या रोहन मोरे यांनी ‘ओशन्स सेव्हन’ ही सात समुद्रमार्गांची मालिका २०१८ मध्ये वेटसूटशिवाय पूर्ण केली, मग आमच्या मुलाला कशाला हवा? त्या पोहण्याचे नियमच निओप्रीन घालू देत नाहीत. त्यामागे वर्षांची तयारी असते, शरीर सतत हलत असते आणि शेजारच्या बोटीतून पूर्ण वेळ लक्ष ठेवले जाते. शनिवारच्या सहलीशी त्याची तुलना नको.

आधी डॉक्टरांशी बोलावे असे लोक

हृदयविकार, ठोक्यांची अनियमितता, ताब्यात नसलेला रक्तदाब, फिट्स, थंडीने बळावणारा दमा, गर्भावस्था. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर ईसीजी काढल्याशिवाय थंड पाण्यात उतरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरली तर थरथर कमी होते आणि शरीर ऊब तयार करू शकत नाही. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारूनच जावे. थंडीत बोटे पांढरी-निळी पडत असतील किंवा गार पाण्याने अंगावर पित्ताच्या गांधी उठत असतील, तर कोणताही सूट पुरेसा नाही. दुसऱ्या प्रकारात सर्वांगावर रिअॅक्शन येऊन माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

आपल्या पालघर जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकल सेलचा आजार आढळतो. या रुग्णांमध्ये थंड पाणी तीव्र वेदनांचा झटका आणू शकते. त्यांनी हा खेळ टाळावा, हे मी स्पष्टच सांगतो.

लॅटेक्सची अॅलर्जी असलेल्यांनी ड्रायसूटच्या पट्ट्या निओप्रीनच्या निवडाव्यात. निओप्रीनमधल्या रसायनांनीही काहींना खाज आणि पुरळ येते. मानेला फार घट्ट सूट घातल्यावर भोवळ येत असेल तर तो ताबडतोब सैल करा. मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब आल्यानेही तसे होते. भाड्याचा किंवा न वाळवलेला सूट घालून गजकर्ण झालेले रुग्णही असतात. गोड्या पाण्याने धुवून, उलटा करून सावलीत वाळवावा.

गारठलेल्या माणसाला काय करावे

अडखळत बोलणे, हातातून वस्तू पडणे, पाय लटपटणे ही सुरुवातीची लक्षणे. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला तर ‘आता बरे वाटतेय’ असे समजू नका. तब्येत बिघडत चालल्याची ती खूण आहे. घरातल्या थर्मामीटरवर विसंबू नका. पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही.

माणसाला शक्य तितके आडवे ठेवून पाण्यातून बाहेर काढा, वाऱ्यापासून आडोसा द्या, ओले काढून कोरडे गुंडाळा, डोकेही झाका. छाती आणि काखांशी ऊब द्या. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड चहा. दारू मुळीच नाही, ती त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलवून उरलेली उष्णता घालवते. हातपाय चोळू नका, गरम पाण्याच्या टबात बसवू नका, चालायला लावू नका. खूप गारठलेले हृदय धक्क्यानेही बिघडू शकते, म्हणून हाताळणी हळुवार हवी. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबणे सुरू करा आणि मदत येईपर्यंत सोडू नका. थंडीने गारठलेली माणसे बऱ्याच वेळानंतरही वाचलेली आहेत. मदतीसाठी इंग्लंडमध्ये ९९९, कॅनडात ९११, न्यूझीलंडमध्ये १११ आणि आपल्याकडे ११२ किंवा १०८.