फासळ्यांमध्ये रुतलेले पाते

२७ ऑगस्ट १९०८ च्या रात्री न्यू मेक्सिकोतील फॉल्सम या लहानशा गावावर आभाळ फाटले. पुरानंतर कुंपणांची पाहणी करताना जॉर्ज मॅकजंकिन यांना एका ओढ्याच्या खचलेल्या काठात, बऱ्याच खोलवर, हाडे दिसली. मॅकजंकिन जन्माने गुलाम. मुक्ततेनंतर गुराखी झाले, स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकले. गुरांची हाडे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. ही त्यांहून मोठी होती. त्यांनी अनेकांना सांगितले. पण १९२२ मध्ये ते वारले, तोवर कोणीही तज्ज्ञ तिकडे फिरकला नाही.

ती हाडे निघाली नामशेष झालेल्या प्राचीन बायसनची. (आपल्या राधानगरीच्या गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हणतात खरे, पण तो वेगळा प्राणी.)

आता प्रश्न उभा राहिला माणसाचा. अमेरिकेत माणूस अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी आला, असे स्मिथसोनियनचे अलेश हर्डलिच्का ठामपणे मांडत. त्यांचा दरारा असा, की विरुद्ध पुरावा मांडणाऱ्याची धडगत नसे. १९२६ मध्ये डेन्व्हरच्या संग्रहालयाने उत्खनन केले ते मुळात प्रदर्शनासाठी सांगाडा हवा म्हणून! त्यात दगडी पाती सापडली, पण मातीतून सुटलेली. वरच्या थरातून ती खाली घसरली नसतील कशावरून? माझ्या मते हा आक्षेप हेकेखोर नव्हता, रास्त होता.

म्हणून पुढच्या वर्षी सक्त सूचना दिली गेली: पाते दिसले तर हलवायचे नाही. २९ ऑगस्ट १९२७ रोजी कार्ल श्वाखाइम या लोहाराला दोन फासळ्यांच्या मध्ये पाते दिसले. त्याने हात आवरला. तारा गेल्या, बार्नम ब्राउन, फ्रँक रॉबर्ट्स, आल्फ्रेड किडर यांनी जागेवर येऊन पाहिले. पाते आणि हाडे एकाच अभंग थरात होती. नामशेष प्राण्याची शिकार माणसानेच केली होती.

काळ मात्र पुढे रेडिओकार्बन पद्धतीने ठरला: सुमारे १२,००० वर्षांहून अधिक. १९९० च्या दशकात डेव्हिड मेल्टझर यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. किमान ३२ बायसन एकाच वेळी मारले गेले होते. वासरांच्या दातांवरून ऋतूही कळला, शरद. शिकाऱ्यांनी मांसल भाग तोडून नेले आणि उरलेले सांगाडे तिथेच टाकले.

संग्रहालयाचे, तज्ज्ञांचे नाव झाले. सुरुवातीच्या अहवालांत मॅकजंकिन यांचा उल्लेखही नव्हता.