गोमयकीटांचा सागरप्रवास

हैदराबादेत बेगमपेठेस रोनाल्ड रॉस यांच्या स्मरणार्थ जतन केलेली एक जुनी वास्तू आहे. सन १८९७ च्या ऑगस्टमध्ये या लष्करी डॉक्टरांनी अळ्यांपासून वाढविलेले डास हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णास चावू दिले, आणि २० ऑगस्ट रोजी तशा एका डासाच्या पोटात त्यांना रोगाचे जंतू दिसले. डास पूर्वी कोणासही चावलेले नव्हते, म्हणूनच हा निष्कर्ष निःशंक ठरला. कीटकाचा जन्म निर्मळ असावा, हे तत्त्व पुढे एका निराळ्याच कार्यात प्रत्ययास आले.

ते कार्य म्हणजे शेणकिड्यांचे स्थलांतर होय. ऑस्ट्रेलियात गाईबैल १७८८ साली इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर गेले. तेथील मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर पोसलेले. गाईच्या ओल्या शेणाकडे ते फारसे वळेनात. शेणाचे पो महिनोन्‌महिने तसेच पडून राहत, खालचे गवत मरे आणि माश्यांची बेसुमार पैदास होई. हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांनी हे पाहून परदेशांतून शेणकिडे आणण्याची कल्पना मांडली. १९६८ पासून ते मोकळे सोडण्यास आरंभ झाला.

परंतु किड्यांच्या अंगाला चिकटून लाळखुरकुतासारखा रोग आला, तर उपायच अपाय ठरावयाचा! म्हणून १९७० पासून दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे विशेष केंद्र चालविण्यात आले. मादीने शेणगोळ्यात घातलेली अंडी हलक्या हाताने काढून फॉर्मेलिनच्या द्रावणात निर्जंतुक करीत व विमानाने कॅनबेरास पाठवीत. तेथील बंदिस्त प्रयोगशाळेत हाताने वळलेल्या शेणगोळ्यांत ती ठेवीत. त्यांतून निघालेल्या किड्यांची प्रजा वाढवून मगच ती बाहेर सोडीत. एकंदर ४३ जाती सोडल्या गेल्या. त्यांपैकी २३ रुजल्या.

आपल्या भूमीत हे सेवक न बोलावता येतात आणि शेण मातीत नेऊन तिचा कस वाढवितात. तथापि गुरांना जंतांसाठी देतात त्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणात उतरून या किड्यांच्या अळ्यांस मारक ठरतो. तेव्हा देवस्थानांच्या गोशाळांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने अशी औषधे गरजेपुरतीच वापरावीत. जे दुसऱ्यांना सागरापलीकडून, अंडे अंडे धुऊन आणावे लागले, ते आपल्या अंगणात आयतेच आहे. गोमयास पवित्र मानणाऱ्यांनी त्यातील या जीवासही जपावे, हेच उचित होय.