पाणथळ जमिनीतील मुळे (सिंधुदुर्ग)

पाण्याखाली गेलेल्या जमिनीत तग धरण्यासाठी वनस्पतींच्या मुळांत घडणारे रचनेचे आणि कार्याचे बदल. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. मालवण किनाऱ्याच्या खाड्यांत तर दिवसातून दोनदा भरती चढते.

बुडालेल्या मुळाला पाणी मारत नाही, हवेचा तुटवडा मारतो. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याहून सुमारे 10,000 पट सावकाश पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की उरलासुरला प्राणवायू मुळे आणि सूक्ष्मजीव लवकरच संपवतात. मग मुळांना किण्वनावर भागवावे लागते: साखर भरमसाट खर्ची पडते, ऊर्जा जेमतेम मिळते. त्यात चिखलात विद्राव्य लोह आणि सल्फाइड वाढते. खाजणातल्या काळ्या रेंद्याला येणारा उग्र वास सल्फाइडचाच. मिरवेल अशा जमिनीत टिकत नाही. तिच्या बुंध्याशी पाणी तुंबले की फायटॉफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळे कुजवतो.

भाताचे तसे नाही. मळ्यातल्या कुणग्यातून एखादे रोप उपटून धुतले, तर कोवळी मुळे पांढरी आणि जुनी तांबूस दिसतात. तो तांबूसपणा म्हणजे लोहाचा गंज. पानांकडून आलेली हवा मुळातल्या पोकळ ऊतीतून, म्हणजे वायूतकातून, खाली उतरते. तिच्यातला थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो आणि विषारी लोह मुळाच्या कातडीवरच गंजून बसते. मुळाच्या वरच्या भागाभोवती मात्र गळती अडवणारा थर तयार होतो, म्हणून प्राणवायू टोकापर्यंत पोचतो. पाण्यामुळे मुळात कोंडलेला इथिलीन वायू काही पेशींना मरण्याचा इशारा देतो आणि त्या जागी हवेच्या वाटा वाढतात. मोठा हिशेबी बळी!

कर्ली आणि आचऱ्याच्या खाडीकाठी कांदळवनाने आणखी वेगळे उपाय काढले आहेत. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून सरळ वर येतात. दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडाला ती दहा हजारांवर असू शकतात. पांढऱ्या चिप्पीची अधिक जाड आणि शंक्वाकृती असतात. कांदळ खोडातूनच कमानदार आधारमुळे सोडतो. या सगळ्यांच्या सालीवर वल्करंध्रे असतात. ओहोटीला त्यांतून हवा आत जाते. 1955 मध्ये शोलँडर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कांदळवनात ही रंध्रे ग्रीसने बुजवली, तेव्हा चिखलातल्या मुळांमधला प्राणवायू घटला. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विरळाच.

गोड्या पाण्यातले उदाहरण दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे येथे आहे. तिथल्या देवराईत रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दुर्मीळ दलदल टिकून आहे. दलदलीतल्या या झाडांना बुंध्याशी आधारमुळे फुटतात, तर काही मुळे चिखलातून वाकून वर येतात आणि पुन्हा आत शिरतात. अशा दलदली मुख्यतः केरळ-कर्नाटकात आढळत असल्याने या जागेचे महत्त्व मोठे.

पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. ओहोटीची वेळ गाठली तर श्वसनमुळे उघडी दिसतात. तिवराला पाण्यापेक्षा भरावाची धास्ती अधिक: माती टाकून श्वसनमुळे बुजवली, की कुऱ्हाड न लावताही झाड वाळते.