डोंबिवली

ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील शहर. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, कोपर आणि ठाकुर्ली या स्थानकांच्या मधे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किमी. अंतरावर आहे. पश्चिमेच्या अंगाला उल्हास नदीची खाडी, पूर्वेला कल्याण–शीळ रस्ता. १ ऑक्टोबर १९८३ पासून शहराचा कारभार कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे आहे. २०११ च्या जनगणनेत या दोन्ही शहरांची मिळून लोकसंख्या १२,४७,३२७ भरली.

नावाची सर्वांत प्रचलित उपपत्ती अशी की येथे पूर्वी डोंब समाजाची वस्ती होती आणि तिच्यावरून गावाला डोंबिवली म्हणू लागले. नावाच्या उत्तरार्धाविषयी फारसा वाद नाही. संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे लहान खेडे. त्याचे ‘वली’ हे रूप उत्तर कोकणात जागोजाग आढळते. कांदिवली, बोरिवली, नांदिवली, गोळवली ही नावे त्याच घडणीची. कल्याणपलीकडे कसारा मार्गावरील आंबिवली तर डोंबिवलीची जुळी बहीण शोभावी. मात्र बोरिवलीत बोर आणि आंबिवलीत आंबा, म्हणजे झाडे दिसतात, तर डोंबिवलीत माणसे दिसतात. मसणवट्याची कामे आणि खेळ करून पोट भरणाऱ्या, गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाचे नाव आज लाखोंच्या शहराला असेल, तर ते संकोच न बाळगता सांगितले पाहिजे. व्युत्पत्ती म्हणून ती सरळ आहे आणि ध्वनिदृष्ट्या तिला अडचण नाही. पण ती नावावरून बांधलेली आहे, कागदपत्रांवरून नाही, एवढे भान ठेवूनच ती स्वीकारावी.

एका नावावर सारी भिस्त ठेवण्याचे कारणही नाही, कारण आजची डोंबिवली एका गावातून वाढलेली नाही. पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली, चोळे, आजदे, नवागाव, मोठागाव, कोपर अशी आगरी-कोळ्यांची अनेक गावे-पाडे तिच्या पोटात आहेत. भातशेती आणि खाडीतली मासेमारी हा त्यांचा जुना आधार. इतिहासाचे जिवंत साधन म्हणून या पाड्यांची नावे मोलाची आहेत. कुंभारखाणपाडा म्हटले की कुंभारांची माती खणण्याची जागा डोळ्यांपुढे येते. सोनारपाड्यात सोनार, देवीच्या पाड्यात ग्रामदेवता, रेतीबंदरावर खाडीतून काढलेली वाळू उतरवण्याचा धक्का. या नावांना पंडिताची गरज पडत नाही. इमारतींच्या पाट्यांवर ‘हाइट्स’ आणि ‘रेसिडेन्सी’ चढत असताना ही नावे निदान बसथांब्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी तरी टिकली पाहिजेत.

परिसर प्राचीन आहे. शेजारचे कल्याण बंदर कान्हेरी लेण्यांतील दानलेखांत येते. अंबरनाथचे शिवालय शिलाहारकालीन, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे. या बाजारपेठांच्या आणि देवळांच्या सावलीत डोंबिवली दीर्घकाळ शेतीचे गाव राहिले.

रेल्वेने चित्र पालटले, पण लगेच नव्हे. ठाणे–कल्याण लोहमार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. डोंबिवलीला स्थानक मिळायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. रुळांनी गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आणि पत्ता सांगताना आजही आधी तेच सांगावे लागते. फडके रस्त्यावरील गणेश मंदिर १९२४ चे. नोकरदार मराठी कुटुंबांची मोठी लाट मात्र स्वातंत्र्यानंतरची: गिरगाव-दादरला खोली परवडेना आणि लोकलने रोज दोन्ही वेळ प्रवास करण्याची तयारी असलेला कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी येथे आला. त्याने येताना ग्रंथालय, शाळा, नाट्यवेड आणि दिवाळी अंक बरोबर आणले. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे येथेच राहत. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले, तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचेच नाव दिले होते. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. लोकलच्या गर्दीत पिचलेल्या नोकरदाराचे चित्र निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटाने देशापुढे मांडले.

पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग आणि कापड प्रक्रियेचे कारखाने आहेत. तिने रोजगार दिला. वस्ती तिला येऊन भिडली, तशी भीतीही दिली. मे २०१६ आणि मे २०२४ मधील स्फोटांत माणसे मेली, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखाने आणि घरे यांच्यात मोकळी जागा न राखण्याची ही किंमत आहे.

शहराची हद्दही अजून पुरती ठरलेली नाही. पालिकेत घेतलेली २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा जोडली गेली आणि नंतर त्यांतील काही वेगळी काढण्यावरून वाद न्यायालयात गेला.