स्वतंत्र चित्रकार ते फ्रीलान्स वेब डिझायनर : व्यावसायिक कामाच्या मालकीचा ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : शिळामुद्रण, कॉपीराइट, संकेतस्थळ, डोमेन नाव, लेखी करार

प्रस्तावना :
आपल्या मालाची ओळख लोकांपुढे मांडण्यासाठी पगारी नोकराऐवजी बाहेरच्या कलावंताला काम सांगण्याची प्रथा महाराष्ट्रात नवी नाही. पूर्वी हे काम चित्रकाराकडे व छापखान्याकडे जाई. आज ऑनलाइन व्यवसाय करणारा ते फ्रीलान्स वेब डिझायनरकडे सोपवितो. साधन बदलले, तरी मोबदला दिल्यानंतर त्या कामाचा मालक कोण, हा प्रश्न कायम आहे. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

छापखान्याचा काळ :
राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकण्यात आला. यंत्रांबरोबर अनेक चित्रांच्या पुनर्मुद्रणाचे हक्कही त्यांच्याकडे गेले. पुढे रविवर्म्यांची चित्रे साबणासारख्या मालाच्या जाहिरातींत व कॅलेंडरांवरही झळकली. चित्र, ते छापण्याचे साधन आणि छापण्याचा हक्क या तीन वेगळ्या वस्तू आहेत, हे या व्यवहारातून स्पष्ट होते.

त्यानंतरच्या पिढीत दीनानाथ दलाल यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ सुरू केला आणि एका मालकाची चाकरी न करता अनेक प्रकाशकांसाठी मुखपृष्ठे केली. अशा कलावंताला आज आपण फ्रीलान्स म्हणतो.

कायद्याची भूमिका :
कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र, चित्र किंवा व्यक्तिचित्र असल्यास मालकी ते काढून घेणाऱ्याकडे जाते. मात्र बाहेरच्या व्यक्तीकडून लिहून घेतलेल्या मजकुराला ही सवलत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीत झाला. परिणामी चित्रकाराच्या ग्राहकाला जे आपोआप मिळत होते, ते वेब डिझायनरच्या ग्राहकाला मिळत नाही. संकेतस्थळाची आज्ञावली लिहिणारा स्वतंत्र डिझायनर पैसे घेतल्यावरही तिचा पहिला मालक राहतो. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह व्हावे लागते. त्यात मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षांची आणि प्रदेश न लिहिल्यास तो केवळ भारतापुरता धरला जातो. जगभर दिसणाऱ्या दुकानाच्या दृष्टीने ही मर्यादा लहान नव्हे.

इंटरनेटचा काळ :
विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे मान्य केले. २०१४ मध्ये देवनागरीतील '.भारत' हे डोमेन उपलब्ध झाले. दुकानाची पाटी आता आंतरजालावर लागली असून तिलाही मालकी आहे.

वाशीम जिल्ह्यातील जऊळका येथील एखाद्या डाळ व्यापाऱ्याने पुण्याच्या डिझायनरला काम दिले, तर दोघांची प्रत्यक्ष भेट कदाचित कधीच होणार नाही. गावच्या पेंटरने रंगविलेली पाटी दुकानावरच राहत असे. येथे मात्र डोमेनची नोंदणी डिझायनरच्या नावावर, होस्टिंगचा पासवर्ड त्याच्याकडे आणि करार तोंडी असेल, तर संबंध बिघडताच व्यापाऱ्याचे दुकान त्याच्या हातात राहत नाही. म्हणून डोमेन व होस्टिंग व्यापाऱ्याच्या नावे असावे. करारात कामाची व्याप्ती, टप्प्याटप्प्याने मोबदला, हक्कांची मुदत व प्रदेश, मूळ फाइलींची सुपूर्दगी आणि पुढील देखभाल यांचा उल्लेख असावा. डिझायनरच्याही हिताचे हेच आहे. पैसे थकल्यास अशा करारामुळे त्याच्या हाती लेखी आधार राहतो.

निष्कर्ष :
शिळाप्रेसपासून संकेतस्थळापर्यंतचा हा प्रवास पाहता, काम बाहेरच्या हाताला सांगणे हा दोष नसून व्यापाराची जुनी व उपयुक्त रीत आहे, असे दिसते. धोका आहे तो मोबदला आणि मालकी यांना एकच समजण्यात. रविवर्मा छापखान्याच्या विक्रीत यंत्रे आणि हक्क यांचा स्वतंत्र विचार झाला होता. आजच्या छोट्या व्यावसायिकानेही तोच विवेक ठेवणे आवश्यक आहे. वाणिज्य व इतिहास विभागांनी हा विषय विद्यार्थ्यांपुढे एकत्रितपणे मांडल्यास ग्रामीण भागातील नव्या उद्योजकांना व होतकरू डिझायनरांना त्याचा लाभ होईल.