जुन्या मोटारी आणि त्यांची नावे

सरकारी कचेऱ्यांच्या आवारात एके काळी जिचे राज्य होते, त्या अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली उत्तरपाड्यास थांबले. पुढे २०१७ साली तिचे नुसते नाव ८० कोटी रुपयांस फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने विकत घेतले. गाडी निघत नाही, तरी नावास एवढे मोल! मग अशा नावांवरून कज्जे व्हावेत याचे आम्हांस नवल वाटत नाही. नवल वाटते ते त्यांच्या निकालांचे.

प्रथम झळ लागली ती दुरुस्ती करणाऱ्यांस. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील एका कारागिराने आपल्या पाटीवर फोक्सवॅगनचे नाव घातले, म्हणून त्या जर्मन कंपनीने त्याच्यावर दावा लावला. १९६९ साली अपील न्यायालयाने कौल दिला तो कारागिराच्या बाजूने. जी गाडी आपण दुरुस्त करतो तिचे नाव न घेता ते गिऱ्हाइकास सांगावे तरी कसे? शिवाय हा गृहस्थ सावध होता. आपण स्वतंत्र आहोत असे तो जाहिरातींत स्पष्ट लिही, आणि कंपनीच्या अक्षरांचे वळण वा रंग त्याने उचलले नव्हते. १९९९ साली युरोपीय न्यायालयाने बी. एम. डब्ल्यू.च्या प्रकरणात एका डच गॅरेजवाल्यास बहुतेक अशीच मुभा दिली.

फेरारीच्या ‘टेस्टारोसा’चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. हे नाव धारण करणारी गाडी १९८४ ते १९९१ पर्यंत निघाली. तिच्या पुढच्या आवृत्त्याही १९९६ साली संपल्या. युरोपात सलग पाच वर्षे न वापरलेल्या नोंदणीकृत नावावरील हक्क जाऊ शकतो. त्याच आधारे जर्मनीत अर्ज झाला व २०१७ साली ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने नोंदणी रद्द ठरवली. परंतु २२ ऑक्टोबर २०२० रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की, त्या नावाने सुटे भाग विकणे, किंवा कंपनीने स्वतः जुनी गाडी पुन्हा विकणे, हाही नावाचा खरा वापर ठरू शकतो. आता सुटे भाग खपतात कशामुळे? हौशी मालकांनी त्या गाड्या जिवापाड जपून चालत्या ठेवल्या म्हणूनच ना! त्यांच्या हौसेवर कंपनीचा हक्क तगला, असे आमचे मत आहे. त्या हक्कात मालकांना वाटा मात्र नाही.

युरोपीय संघाच्या नोंदणीचा वाद पुढे वेगळा चालला. तेथील कार्यालयाने हक्क काढून घेतला होता. २ जुलै २०२५ रोजी लक्झेंबर्गच्या सामान्य न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अधिकृत विक्रेत्यांनी केलेली जुन्या गाड्यांची विक्रीही त्या वेळी कंपनीच्या पदरात पडली.